स्विचवर मॅक ॲड्रेसवरून कोणाला आत घ्यायचं, कोणाला अडवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिस्को कॅटॅलिस्ट २९६०-एक्स मालिकेचे स्विच (केबलने आलेली उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या) आहेत. लॅबमधल्या पीसीची केबल काढून विद्यार्थी स्वतःचा लॅपटॉप लावतात. मध्यंतरी कोणीतरी घरचा वायफाय राउटर भिंतीवरच्या आयओला (नेटवर्कच्या सॉकेटला) जोडला आणि अर्ध्या इमारतीला भलतेच आयपी मिळू लागले. नोंद असलेली उपकरणंच चालतील अशी सोय मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरून, करायची आहे. प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि बायोमेट्रिक हजेरीची मशीनंही आहेत. यादी स्विचवर ठेवायची की रेडियस सर्व्हरवर (कोणाला आत घ्यायचं ते सगळ्या स्विचसाठी एका जागी ठरवणाऱ्या सर्व्हरवर)? आणि ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टांचं काय करायचं?

उत्तर:

तुमच्या प्रश्नात वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत आणि त्यातली एक मॅक ॲड्रेसने सुटणारी नाही. ती आधी मिटवा, कारण ती आज दुपारीच मिटू शकते.

राउटर ज्याने लावला त्याने केबल राउटरच्या लॅन पोर्टात खुपसली असणार. घरगुती राउटरच्या लॅन बाजूला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे उपकरणांना आयपी वाटणारा, चालू असतो. तुमच्या व्हीलॅनमधल्या (स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमधल्या) पीसीने आयपी मागितला की ज्याचं उत्तर आधी येईल ते तो घेतो. यावरचा उपाय म्हणजे डीएचसीपी स्नूपिंग. सुरुवातीला ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग’, मग ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन’ आणि पुढे व्हीलॅनचे नंबर, आणि फक्त अपलिंकवर (वरच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर) ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट’. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, स्विचवर नेहमीच्या स्पेलिंगने टाका.) यानंतर बाकीच्या पोर्टांवरून सर्व्हरच्या बाजूचे निरोप, म्हणजे ऑफर आणि ॲक, आत येऊच शकत नाहीत. इथे एक गोष्ट हमखास नडते. स्नूपिंग चालू झालं की सिस्कोचा स्विच प्रत्येक डीएचसीपी विनंतीत आपणहून ऑप्शन ८२ (विनंती कोणत्या पोर्टवरून आली त्याची नोंद) घालतो आणि वरचा लेयर-थ्री स्विच किंवा राउटर ती विनंती संशयास्पद समजून टाकून देऊ शकतो. मग कोणालाच आयपी मिळत नाही आणि दोष स्नूपिंगवर येतो. ऑप्शन ८२ तुम्ही वापरत नसाल तर ‘नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन’ टाका, काम होईल.

आता मूळ मुद्दा. मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा असतो. पहिले २४ बिट सहसा उत्पादकाचे असतात आणि ते आयईईई वाटते. हा पत्ता कार्डात येतो कारखान्यातून, पण फ्रेमवर, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटावर, तो लिहिते ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोजमध्ये अडॅप्टरच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये बहुतेक वेळा तो बदलण्याची जागा असते, लिनक्सवर एक कमांड पुरते आणि घरगुती राउटरमध्ये तर ‘मॅक क्लोन’ नावाचं बटणच असतं. वर्गात रोल नंबर पुकारल्यावर मागून कोणीही ‘प्रेझेंट सर’ म्हणावं, तितकंच वजन या ओळखीला आहे. म्हणून मॅकवरून ओळख पटवणं मी कधीच टाळत नाही, पण त्या ओळखीवर कोणाला किती मोकळीक द्यायची हे फार जपून ठरवतो. खालच्या सगळ्या सल्ल्याचा आधार हाच आहे: ज्या पोर्टावर फक्त मॅक पाहून प्रवेश मिळतो, त्या पोर्टावरून जाता येईल अशा जागा कमीत कमी असाव्यात.

स्विचवर मॅकने अडवण्याच्या तीन पद्धती लोक एकमेकींत मिसळतात.

पहिली, एखादा ठरावीक पत्ता टाकून देणं. ‘मॅक ॲड्रेस-टेबल स्टॅटिक’, पुढे पत्ता, व्हीलॅन आणि शेवटी ‘ड्रॉप’. त्या व्हीलॅनमध्ये त्या पत्त्याकडून येणाऱ्या आणि त्याच्याकडे जाणाऱ्या फ्रेम स्विच टाकून देतो. व्हायरस लागलेला एखादा लॅपटॉप सापडेपर्यंत थोपवायला हे छान आहे. धोरण म्हणून निरुपयोगी आहे, कारण तुम्ही वाईटांची यादी करत बसता आणि पत्ता बदलला की यादी संपली.

दुसरी, मॅक ॲक्सेस-लिस्ट. पुष्कळ जण मोठ्या उत्साहाने ‘मॅक ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड’ लिहितात, पोर्टवर लावतात आणि बघतात तर लॅपटॉप मजेत चालू आहे. या वर्गातल्या कॅटॅलिस्ट स्विचवर ही यादी आयपी सोडून बाकीच्या वाहतुकीलाच लागू होते. तुम्हाला अडवायची असलेली जवळपास सगळी वाहतूक आयपी आहे. त्यामुळे इकडे वेळ घालवू नका.

तिसरी, पोर्ट सिक्युरिटी. तुमच्या लॅबसाठी हीच योग्य आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

लॅबमधला पीसी जागचा हलत नाही, एका आयओला एकच पीसी असतो आणि बाहेरचा लॅपटॉप लागल्यावर तो चालू नये एवढीच अपेक्षा असते. इथे सर्व्हरची गरज नाही. पोर्टवर आधी ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ टाका. मोड डायनॅमिक राहिला असेल तर स्विच पोर्ट सिक्युरिटी नाकारतो. मग ‘स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी मॅक्झिमम १’, ‘स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी मॅक-ॲड्रेस स्टिकी’ आणि ‘स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी व्हायोलेशन रिस्ट्रिक्ट’. सगळ्यात शेवटी नुसतं ‘स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी’. ही शेवटची ओळ विसरली तर बाकीच्या ओळी कॉन्फिगरेशनमध्ये दिसतात, पण प्रत्यक्षात काहीच चालू नसतं. दुसऱ्यांचे स्विच तपासताना ही चूक मला वारंवार दिसते. ‘शो पोर्ट-सिक्युरिटी इंटरफेस’ टाकून पहिल्या ओळीत ‘एनेबल्ड’ आहे का ते बघा, कॉन्फिगरेशन वाचून समाधान मानू नका.

व्हायोलेशनचे मुख्य प्रकार तीन आहेत: प्रोटेक्ट, रिस्ट्रिक्ट आणि शटडाउन. न सांगता मिळतो तो शटडाउन, म्हणजे अनोळखी पत्ता दिसला की पोर्ट एरर-डिसेबल होऊन बंद. ऐकायला कडक वाटतं, पण विचार करा. एखाद्या मुलाने परीक्षेच्या दिवशी आठ-दहा पीसींच्या केबली क्षणभर आपल्या लॅपटॉपला लावल्या तर तेवढे पोर्ट मेले. अडवण्याची सोय त्याच्या हातातलं हत्यार झाली. ‘एररडिसेबल रिकव्हरी कॉज पीसिक्युअर-व्हायोलेशन’ टाकलं तर पोर्ट आपोआप परत येतो, पण मुळातल्या ३०० सेकंदांनी, आणि प्रॅक्टिकलच्या मध्यात पाच मिनिटं खूप असतात. रिस्ट्रिक्टमध्ये अनोळखी पत्त्याच्या फ्रेम टाकल्या जातात, मोजणी वाढते, लॉग येतो आणि नोंदीतला पीसी परत लावला की लगेच चालतो. लॅबला रिस्ट्रिक्टच ठेवा. प्रोटेक्ट कुठेच वापरू नका. तो गुपचूप फ्रेम टाकतो, कोणाला काही कळवत नाही, आणि ‘नेट चालत नाही’ या तक्रारीचं कारण शोधताना तुमचा दिवस जातो.

स्टिकीबद्दल दोन सावधगिऱ्या. स्टिकीने शिकलेले पत्ते रनिंग कॉन्फिगरेशनमध्ये जातात, स्टार्टअपमध्ये नाही. सेव्ह केलं नाही आणि रात्री लाइट गेली, तर सकाळी स्विच कोरा उठतो आणि त्या पोर्टावर जो पहिला बोलेल त्याला मालक मानतो. आपल्याकडे तालुक्या-जिल्ह्याच्या गावी हे काल्पनिक नाही. सगळे पीसी चालू असताना शिकवा, यादी डोळ्यांखालून घाला आणि लगेच सेव्ह करा. दुसरं म्हणजे पीसींची अदलाबदल. एका सुरक्षित पोर्टावर नोंदलेला पत्ता त्याच व्हीलॅनमधल्या दुसऱ्या सुरक्षित पोर्टावर दिसला तर तेही उल्लंघनच ठरतं. लॅब असिस्टंटने परीक्षेसाठी दोन पीसींच्या जागा बदलल्या की दोन्ही बंद. त्याला आधीच सांगून ठेवा आणि ‘क्लिअर पोर्ट-सिक्युरिटी स्टिकी इंटरफेस’ ही कमांड कोण चालवणार ते ठरवा.

कॉम्प्युटर विभागाच्या लॅबला मॅक्झिमम १ पुरणार नाही, हेही लक्षात घ्या. तिथे मुलं व्हर्च्युअल मशीन चालवतात आणि नेटवर्क ब्रिज्ड ठेवलं की त्या मशीनचा वेगळा मॅक पोर्टावर येतो. व्हर्च्युअलबॉक्सचा ०८-००-२७ ने आणि व्हीएमवेअरचा बहुधा ००-५०-५६ किंवा ००-०सी-२९ ने सुरू होतो. लॉगमध्ये हे दिसले तर मुलाला दटावू नका, प्रॅक्टिकल तेच आहे. त्या लॅबला मर्यादा वाढवा किंवा व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क नॅटवर (पीसीच्याच पत्त्यामागे) ठेवायला सांगा. मी दुसरं पसंत करतो. मर्यादा वाढवल्यास तिथे स्टिकी ठेवू नका. प्रत्येक नव्या व्हर्च्युअल मशीनचा पत्ता कायमचा चिकटतो आणि थोड्याच दिवसांत जागा भरते. त्याऐवजी ‘स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी एजिंग टाइप इनॲक्टिव्हिटी’ आणि त्यासोबत काही मिनिटांचा एजिंग टाइम द्या, म्हणजे तेवढा वेळ न दिसलेला पत्ता स्विच विसरतो.

पोर्टावरच्या पत्त्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. खोटे पत्ते हजारोंनी ओतून स्विचचा मॅक टेबल भरून टाकणारी साधनं जुनी आणि फुकट आहेत. टेबल भरला की स्विच अनोळखी पत्त्याच्या फ्रेम त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर पाठवतो आणि शेजाऱ्याची वाहतूक कोणालाही वाचता येते. मर्यादा ५ ठेवली तरी हा हल्ला बंद होतो. मॅक खोटा असू शकतो म्हणून पोर्ट सिक्युरिटी फुकट, असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

आता प्रिंटर, कॅमेरे, बायोमेट्रिक. ही उपकरणं इमारतभर पसरलेली असतात, दुरुस्तीला जातात, जागा बदलतात. त्यांची यादी प्रत्येक स्विचवर वेगळी ठेवली तर सहा महिन्यांत कोणत्या स्विचवर काय आहे ते कोणालाच सांगता येणार नाही. इथे रेडियस हवा. फ्रीरेडियस एखाद्या साध्या लिनक्स मशीनवर चालतो आणि कॉलेजच्या गरजेला भरपूर आहे.

खरी पद्धत ८०२.१एक्स, ज्यात उपकरण स्वतःचं प्रमाणपत्र किंवा पासवर्ड दाखवतं. स्वस्तातल्या कॅमेऱ्याला आणि हजेरीच्या मशीनला ते बहुधा जमत नाही. त्यांच्यासाठी मॅब, म्हणजे मॅक ऑथेंटिकेशन बायपास. उपकरणाची पहिली फ्रेम आली की स्विच तिचा मॅक उचलतो आणि रेडियसला विचारतो. युजरनेम म्हणजे तो मॅक, पासवर्ड म्हणजेही तोच मॅक. सिस्कोमध्ये मुळात बारा अक्षरं, लहान लिपीत, मध्ये काहीही चिन्ह नाही. शिवाय सर्व्हिस-टाइप ‘कॉल-चेक’, म्हणजे १०, असा जातो.

हा शेवटचा तपशील फार महत्त्वाचा आहे. तुम्ही रेडियसमध्ये मॅक हाच युजर आणि मॅक हाच पासवर्ड अशी नोंद केली आणि तोच सर्व्हर उद्या वायफायच्या किंवा व्हीपीएनच्या लॉगिनलाही वापरला, तर प्रिंटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा नंबर दोनदा टाइप करून कोणीही वायफायमध्ये शिरेल. म्हणून प्रत्येक मॅक नोंदीवर ‘सर्व्हिस-टाइप == कॉल-चेक’ ही अट घाला. त्याच कारणाने या नोंदी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत युजर म्हणून करू नका. तिथे त्या करायच्या तर पासवर्डचं धोरण सैल करावं लागतं, आणि ते सगळ्यांसाठी सैल होण्याचा धोका असतो.

स्विचवर ‘एएए न्यू-मॉडेल’, ‘एएए ऑथेंटिकेशन डॉट१एक्स डिफॉल्ट ग्रुप रेडियस’, ‘एएए ऑथरायझेशन नेटवर्क डिफॉल्ट ग्रुप रेडियस’, ‘डॉट१एक्स सिस्टिम-ऑथ-कंट्रोल’. ‘एएए न्यू-मॉडेल’ टाकल्याक्षणी स्विचच्या स्वतःच्या लॉगिनची पद्धतही बदलते, म्हणून लोकल युजर आधी तयार ठेवा आणि कन्सोल केबल जोडूनच काम करा. ऑथरायझेशनची ओळ राहिली तर रेडियसने पाठवलेला व्हीलॅन स्विच विचारात घेत नाही. उपकरण आत येतं, पण चुकीच्या व्हीलॅनमध्ये. सर्व्हरचा पत्ता देताना ऑथेंटिकेशनचा पोर्ट क्रमांक १८१२ आणि अकाउंटिंगचा १८१३ स्पष्ट लिहा. जुन्या सिस्को आवृत्त्या न सांगता १६४५ आणि १६४६ वापरतात, फ्रीरेडियस तिथे ऐकतच नसतो.

पोर्टवर ‘ऑथेंटिकेशन पोर्ट-कंट्रोल ऑटो’, ‘मॅब’ आणि ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट’. पोर्टफास्ट नसेल तर दर वेळी ३० सेकंद आधीच वाया जातात. एकाच पोर्टावर मॅब आणि पोर्ट सिक्युरिटी दोन्ही लावू नका. दोघेही आपापला पत्त्यांचा हिशोब ठेवतात आणि भांडण झालं की निदान अवघड होतं.

कॅमेऱ्याच्या पोर्टावर ‘डॉट१एक्स पीएई ऑथेंटिकेटर’ टाकू नका, नुसतं मॅब ठेवा. दोन्ही असले की स्विच आधी ८०२.१एक्सची वाट बघतो. मुळातल्या मूल्यांप्रमाणे ३० सेकंदांनी पुन्हा विचारतो, असं तीनदा, म्हणजे ९० सेकंद. तोवर उपकरणाची डीएचसीपी विनंती थकलेली असते आणि ते १६९.२५४ चा पत्ता (डीएचसीपीचं उत्तर न आल्यावर उपकरण स्वतःच घेतं तो) घेऊन बसतं. जिथे दोन्ही हवेतच, उदाहरणार्थ ऑफिसमध्ये, तिथे ‘डॉट१एक्स टाइमआउट टीएक्स-पीरियड १०’ करा, म्हणजे अर्ध्या मिनिटात मॅबची पाळी येते.

न बोलणारी उपकरणं हा मॅबचा सगळ्यात चिवट प्रश्न. पहिली फ्रेम उपकरणाने पाठवली तरच विचारणा होते. हजेरीचं मशीन, दाराचा कंट्रोलर, झोपलेला प्रिंटर: यांना स्टॅटिक (हाताने टाकलेला) आयपी दिलेला असेल तर ते कोणी हाक मारेपर्यंत गप्प असतात. आणि पोर्ट बंद असल्यामुळे हाक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. यासाठी ‘ऑथेंटिकेशन कंट्रोल-डायरेक्शन इन’ आहे. त्याने आत येणारी वाहतूक अडते, पण बाहेर जाणारी जाऊ दिली जाते. सर्व्हरची एआरपी विचारणा (‘हा आयपी कोणाचा?’ ही हाक) मशीनपर्यंत जाते, ते उत्तर देतं आणि त्या उत्तरावर मॅब सुरू होतं. यासाठी पोर्टाचा मूळ ॲक्सेस व्हीलॅनही त्याच उपकरणाचा असायला हवा, नाहीतर हाक भलत्याच गल्लीत जाईल. शक्य तिथे स्टॅटिक आयपी काढून डीएचसीपी रिझर्व्हेशन (त्या मॅकला नेहमी तोच आयपी) द्या. बसवणारा टेक्निशियन स्टॅटिक टाकून गेलेला असतो, आणि ते उपकरण दुसऱ्या व्हीलॅनमध्ये हलवायची वेळ आली की शिडी लावून प्रत्येकाकडे जावं लागतं.

आता मोकळीक कमी करणं. रेडियसच्या उत्तरात टनेल-टाइप ‘व्हीलॅन’, टनेल-मीडियम-टाइप ‘आयईईई-८०२’ आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीत व्हीलॅनचा नंबर. कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये, प्रिंटर दुसऱ्यात, हजेरी तिसऱ्यात. मग कोअर (मधल्या मुख्य) स्विचवर त्या व्हीलॅनच्या इंटरफेसला ॲक्सेस-लिस्ट: कॅमेऱ्यांनी एनव्हीआरशीच (रेकॉर्डरशीच) बोलावं, प्रिंटरशी फक्त प्रिंट सर्व्हरने ९१०० या पोर्ट क्रमांकावर बोलावं, हजेरीच्या मशीनने हजेरीच्या सर्व्हरशी. इंटरनेट कोणालाच नाही. कॅमेऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं काही कारण नाही, तेव्हा त्यांच्या पोर्टांवर ‘स्विचपोर्ट प्रोटेक्टेड’ टाका. ते एका स्विचपुरतंच चालतं, पण तेवढंही चांगलं. अशी रचना झाली की प्रिंटरचा मॅक चोरणाऱ्याच्या हाती प्रिंट सर्व्हरशिवाय काही लागत नाही. ही ॲक्सेस-लिस्ट नसेल तर मॅब लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

होस्ट मोडकडे (एका पोर्टामागच्या उपकरणांना कसं आत घ्यायचं त्या सेटिंगकडे) नीट बघा. मल्टी-होस्टमध्ये एका उपकरणाला परवानगी मिळाली की त्या पोर्टामागचे बाकीचे सगळे न विचारता आत येतात. टेबलाखाली पाच पोर्टांचा साधा स्विच असेल तर प्रिंटरच्या नावावर तीन लॅपटॉप चालतील. अशा ठिकाणी मल्टी-ऑथ ठेवा, प्रत्येक मॅकची वेगळी विचारणा होते. आणि ‘ऑथेंटिकेशन व्हायोलेशन रिस्ट्रिक्ट’, कारण इथेही मुळातली कृती पोर्ट बंद करण्याचीच आहे.

रेडियस बंद पडला तर? या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर काम सुरूच करू नका. लाइट जाऊन आली की स्विच आधी उठतात आणि शंभर कॅमेरे एकदम दार ठोठावतात. सर्व्हर अजून बूट होत असतो. नकार मिळाला नाही, उत्तरच मिळालं नाही, अशा वेळी काय करायचं हे ‘ऑथेंटिकेशन इव्हेंट सर्व्हर डेड ॲक्शन ऑथराइझ व्हीलॅन’ या ओळीने सांगा आणि तिथे त्याच उपकरणांचा मर्यादित व्हीलॅन द्या. सोबत ‘ऑथेंटिकेशन इव्हेंट सर्व्हर अलाइव्ह ॲक्शन रीइनिशियलाइझ’, म्हणजे सर्व्हर परतल्यावर सगळ्यांची पुन्हा तपासणी होते. सर्व्हर मेला हे स्विचने कधी मानायचं त्यासाठी ‘रेडियस-सर्व्हर डेड-क्रायटेरिया’ आणि ‘डेडटाइम’ ठरवून द्या. सर्व्हर स्विचच्याच यूपीएसवर घ्या. जमलं तर दुसऱ्या इमारतीत दुसरा सर्व्हर ठेवा.

रेडियसची वाहतूक मॅनेजमेंट व्हीलॅनमध्येच राहू द्या. मॅबचा पासवर्ड साध्या पॅप पद्धतीने जातो. २०२४ मध्ये ब्लास्टरेडियस नावाचा दोष उघड झाला तो अशाच, ईएपी (८०२.१एक्समधली ओळख पटवण्याची पद्धत) नसलेल्या, यूडीपीवरच्या विनंत्यांना लागू होतो: वाटेत बसलेला माणूस नकाराचा होकार करू शकतो. फ्रीरेडियस ३.२.५ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, त्यात मेसेज-ऑथेंटिकेटर (निरोपात फेरफार झालेला नाही याची खूण) सक्तीचा करता येतो.

यादीचं काम कंटाळवाणं आहे, आणि योजना अडतात त्या यादीपाशीच. सुरुवात ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल डायनॅमिक’ आणि डीएचसीपीच्या लीजपासून (वाटलेल्या आयपींच्या नोंदीपासून) करा. पण ती आज काय जोडलेलं आहे याची यादी आहे, काय जोडलेलं असावं याची नाही. दुसरी यादी तुमच्या कॉलेजात आधीच आहे: डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही. प्रत्येक उपकरणाच्या नोंदीपुढे मॅकचा रकाना घालून घ्या. वस्तू आली की मॅक रजिस्टरात आणि मगच रेडियसमध्ये. वस्तू निर्लेखित झाली की त्याच दिवशी रेडियसमधून बाहेर. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मॅक यादीत जिवंत राहणं ही उघडी खिडकी आहे, कारण तो कोणी वापरला तरी दोन जागी दिसल्याचा इशारा येणार नाही. हे काम नेटवर्कवाल्याने एकट्याने करायचं नाही. स्टोअरकीपरला बरोबर घ्या, प्राचार्यांकडून एक कार्यालयीन आदेश काढून घ्या.

एक्सेलमध्ये यादी करत असाल तर रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. चिन्हं काढलेला मॅक सगळा अंकांचा असेल तर सुरुवातीचे शून्य उडतात. आणि आकड्यांच्या मध्ये एकच ‘ई’ आलेला मॅक, समजा ००११२२३३४ई१२, एक्सेल वैज्ञानिक पद्धतीची संख्या समजून बदलून टाकतो. शेकड्यातली दोन-तीन उपकरणं गूढपणे चालत नाहीत त्याचं कारण पुष्कळदा हेच निघतं. विंडोज मॅक आडव्या रेघांनी दाखवतो, लिनक्स विसर्गचिन्हांनी, सिस्को चार-चार अक्षरांमध्ये टिंब देऊन. रेडियसमध्ये टाकण्याआधी सगळे एका साच्यात आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा.

यादी तपासताना दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्याचा नाही, सॉफ्टवेअरने ठरवलेला आहे. फोनवर हे आता रोजचंच आहे: ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून वायफायला वेगळा खाजगी पत्ता वापरणं हीच मूळ सेटिंग झाली. त्यामुळे वायफायवर मॅकची यादी ठेवण्याचा विचार सोडून द्या. केबलवरच्या प्रिंटरचा मॅक असा दिसला तर मात्र जाऊन बघा. प्राध्यापकांच्या पातळ लॅपटॉपांना लॅन पोर्ट नसतो, ते यूएसबी अडॅप्टर वापरतात आणि मॅक अडॅप्टरचा असतो. एक अडॅप्टर स्टाफरूममध्ये हातोहात फिरतो. त्यामुळे माणसाच्या लॅपटॉपची ओळख मॅकवर ठेवू नका. ऑफिस आणि स्टाफच्या पीसींना ८०२.१एक्स द्या. विंडोजमध्ये ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सेवा मुळात आपणहून चालू होत नाही, ती ग्रुप पॉलिसीने चालू करा.

लावताना घाई नको. आधी ‘ऑथेंटिकेशन ओपन’ टाका. विचारणा सगळी होते, उत्तर लॉगमध्ये येतं, पण अडवलं कोणालाच जात नाही. या अवस्थेत निदान एक परीक्षा आणि शक्य असेल तर प्रवेशाचे दिवस जाऊ द्या. बाहेरून येणारं स्कॅनर, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षेसाठी आलेलं मशीन, वर्षातून दोनदाच चालू होणारा प्लॉटर, हे सगळे तेव्हाच दिसतात. लॉगमधले नकार रोज वाचा. ते थांबले की एका मजल्यावरचं ‘ओपन’ काढा, मग पुढचा मजला.

चालू झाल्यावर चोरलेला मॅक ओळखायची सोपी खूण सांगतो. विंडोजचा पीसी डीएचसीपी मागताना ऑप्शन ६० मध्ये ‘एमएसएफटी ५.०’ पाठवतो. प्रिंटर म्हणून नोंदलेल्या मॅककडून हे आलं तर त्या पोर्टाकडे माणूस पाठवा. डीएचसीपी सर्व्हरच्या लॉगवर एक रोजची तपासणी बसवली की पुरे.

ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टांचं विचारलंत. त्यांच्यावर पोर्ट सिक्युरिटी लावू नका. वायफायची वाहतूक तिथल्या तिथे सोडणारा ॲक्सेस पॉइंट असेल तर त्याच्यामागच्या प्रत्येक फोनचा मॅक त्या पोर्टावर येतो, तोही बदलता. मर्यादा दहा मिनिटांत भरेल. एकाच व्हीलॅनचा, ॲक्सेस मोडमधला पोर्ट असेल तर मॅब आणि मल्टी-होस्ट ही जोडी चालते: ओळख ॲक्सेस पॉइंटची, मागच्या माणसांची तपासणी वायफायच्या एंटरप्राइझ लॉगिनवर. एकाहून जास्त एसएसआयडी (वायफायची नावं) असल्यामुळे पोर्ट ट्रंक, म्हणजे एकाच केबलवरून बरेच व्हीलॅन नेणारा, असेल तर तो मॅबशिवायच ठेवा, लागणारेच व्हीलॅन ‘अलाउड’ मध्ये द्या, नेटिव्ह व्हीलॅन (व्हीलॅनचा नंबर नसलेल्या फ्रेम जातात तो) रिकामा ठेवा आणि ॲक्सेस पॉइंट छताला अशा उंचीवर बसवा की त्याच्या केबलला हात पोहोचणार नाही.